कर्ज फेडतोय, आधी कार्ड की बांगड्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सासूबाईंच्या ऑपरेशनला गेल्या वर्षी पैसे उभे केले ते आता निस्तरतोय. क्रेडिट कार्डचे ८५ हजार राहिलेत, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे जवळजवळ ३ हजार नुसतं व्याजच जातं!! वर माझ्या बांगड्यांवर गोल्ड लोन, ते वर्षाला ११ टक्क्याने. घरात पाच माणसं. गॅसचं जमवलंय, डाळ-भात एकाच कुकरला, कडधान्य रात्रीच भिजत घालायचं, त्यामुळे १४.२ किलोची टाकी महिन्याऐवजी ४० दिवस जाते. भाजी रात्री ९ नंतर आणते, तेव्हा वाटे स्वस्त लावतात. बाहेरचं मागवणं बंद, ॲपच उडवलं, मुलगा अजून रुसलाय. तरी ६-७ हजारच मागे पडतात. आता ते आधी कार्डात भरू की बांगड्या सोडवू? मला कार्डच बरोबर वाटतं पण सासूबाई म्हणतात घरातली लक्ष्मी गहाण नको, त्यांना कसं समजावू? आणि वर्षाचे गहू एकदम भरलेले खरंच परवडतात का, की कीड लागून वाया जातात? कोणी भरत असेल तर सांगा ना प्लीज