1964 ची फोक्सवॅगन बीटल: मागची मडगार्डं रुंद करायची आहेत, कशी करू?

बीटल64: मूळ 4 इंची रिम काढून मागे 6 इंची बसवल्या. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतात. प्रत्येक बाजूला 4 सेंमी रुंदी हवी. मडगार्डात पट्टी जोडू की फायबरची रुंद मडगार्डं घेऊ? पैसे फक्त या दोन मडगार्डांपुरतेच आहेत, बाकी रंगकाम पुढच्या वर्षी.

गंजशत्रू: आधी बॉडी चासीवरून उचला. दाराखालचे हीटर चॅनल (गरम हवेच्या पोकळ पत्र्याच्या तुळया, बॉडीचा आधार) कुजले असतील तर मडगार्डं सजवून उपयोग नाही. मी आठ महिने घातले, पण आज पत्रा नवाकोरा आहे.

बीटल64: चॅनल ठोकून पाहिलेत, शाबूत आहेत. बजेट वर लिहिलंय.

ओव्हलवेडा: जुन्या गाडीला करवत लावूच नये! माझी 1957 ची आहे, मागची काच अंडाकृती. एक स्क्रूही बदललेला नाही.

लांबचा_प्रवासी: 1964 ला मागची काच चौकोनी असते. आणि मडगार्डं बोल्टवर असतात, काढली की गाडी पुन्हा मूळ रूपात. फायबरच घ्या, हलकं, गंज नाही.

ओव्हलवेडा: काच चौकोनी असते हे मला ठाऊक आहे. मुद्दा करवतीचा आहे.

पत्रेकाम: फायबर मीही बसवलं होतं. दोन पावसाळ्यांत बोल्टांच्या भोकांपाशी तडे गेले. पत्र्याचंच करा, पण मूळ जोडी कापू नका. गंजकी जुनी जोडी मिळवून तिच्यावर प्रयोग करा. पट्टी सरळ कापायची नाही, मधे 4 सेंमी आणि दोन्ही टोकांना निमुळती, म्हणजे पुढचं टोक पायदानाशी जुळतं. कडेला कड भिडवून जोडा. पत्र्यावर पत्रा चढवलात तर मधे पाणी साचतं. वेल्डिंगचा एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मधे थंड होऊ द्या. सलग ओढलंत तर पत्रा लाटेसारखा वाकतो. उरलेला खळगा हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) काढा. पुट्टी 3 मिमीच्या वर नको, आणि तिच्याआधी गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर.

लांबचा_प्रवासी: माझं फायबर नऊ वर्षं टिकलंय. बोल्टाखाली रुंद वॉशर घाला, तडे जात नाहीत.

गंजशत्रू: मूळ जोडी कापू नका, हेच सांगणार होतो. बॉडीही उचलाच.

बीटल64: आज डाव्या मडगार्डचा रंग खरवडला. खाली बोटभर पुट्टी, तिच्याखाली कुणीतरी एकावर एक ठोकलेले तीन तुकडे. उजव्याचीही तीच गत. सगळे मूळ जोडी वाचवा म्हणताय, पण मूळ असं फारसं उरलेलंच नाही. दुसरी जोडी शोधत नाही, फायबरही नको. हीच कापतोय. निमुळत्या पट्टीचा पुठ्ठ्याचा साचा तयार आहे. @पत्रेकाम, मागच्या दिव्याच्या आतून काप घेतला तर दिव्याची बैठक हलणार नाही ना?

पत्रेकाम: दिव्याच्या बैठकीपासून दोन बोटं आत ठेवा. दिवा आणि वायर आधी काढा.