मदत हवी आहे : पहाटेचा आकडा धुराचा की धुक्याचा?

खानापुरातील (जि. बेळगाव) घराच्या गच्चीवर मी जूनपासून हवेतील सूक्ष्म कण मोजणारा लेझरवर चालणारा स्वस्त सेन्सर बसवला आहे. पावसाळ्यात कण धुऊन निघत असल्याने आकडा कमी राहिला. मात्र उघडीप पडून हवा दमट राहिली की तो अकारण चढत असे. नोव्हेंबरपासून पहाटे पीएम २.५ चा (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांचा) आकडा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या २४ तासांच्या राष्ट्रीय मर्यादेपलीकडे जातो आणि ऊन चढल्यावर उतरतो. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहिल्याने चुलींचा, वीटभट्ट्यांचा आणि उसाचा पाला जाळल्याचा धूर खालीच कोंडतो, हे मला पटते. परंतु त्याच वेळी मलप्रभेकाठी धुके असते आणि असा सेन्सर पाणी शोषून फुगलेल्या कणांमुळे आकडा वाढवून दाखवतो.

सेन्सर स्वयंपाकघरापासून दूर हलवला. दुसरा सेन्सर शेजारी ठेवला. दोघांचे आकडे जुळले, पण त्यावरून दोघेही सारखेच चुकत नाहीत असे ठरत नाही. ९० टक्क्यांवरील आर्द्रतेच्या नोंदी वगळल्या, तर नेमक्या पहाटेच्याच नोंदी उरत नाहीत. कणांतले पाणी उडावे म्हणून हवा तापवून आत घेणारे यंत्र खर्चाबाहेरचे आहे.

घरात दम्याचा रुग्ण असल्याने खिडक्या किती वाजता उघडाव्यात, हे मला या नोंदींवरूनच ठरवायचे आहे. सुमारे २५ किलोमीटरवरील बेळगावच्या सरकारी नोंदींशी ताडून काढलेले, आर्द्रतेनुसार सेन्सरचा आकडा दुरुस्त करणारे सूत्र पाऊस आणि धुके दोन्ही अधिक असलेल्या खानापुराला लागू पडेल का, की हिवाळ्यासाठी आणि पावसाळ्यासाठी वेगवेगळी सूत्रे काढावी लागतील?