बुकरला बुडवून हिशोब मिटला का? (बायोशॉक इन्फिनिटचा शेवट)

गोदाकाठचा_गेमर
परवा उंटवाडीच्या एका मित्राने इथेच लिहिलं, "बायोशॉक इन्फिनिटचा शेवट म्हणजे नुसती फेकाफेकी. लेखकाला गुंता सुटला नाही म्हणून हिरोला नदीत बुडवून मोकळा झाला. बुकर बिचारा भला माणूस, सगळं पाप त्या कॉमस्टॉकचं." खाली सगळ्यांचं आपलं "बरोबर भो, बरोबर भो". गप्प बसणार होतो, पण राहवत नाही. गेम २०१३ चा आहे, तेव्हा शेवट फोडला म्हणून कोणी गळा काढू नये. खेळला नसेल त्याच्यासाठी: बुकर डेविट हा हिरो, कॉमस्टॉक हा खलनायक, आणि एलिझाबेथ ही बुकरने आणून द्यायची मुलगी.

बुकर भला माणूस? १८९० साली वूंडेड नीला, अमेरिकन सैन्याने तिथल्या मूळनिवाशांची कत्तल केली तेव्हा, त्याने तंबू पेटवले, आत बायका असताना. का? तर सार्जंट सगळ्यांसमोर म्हणाला की तुझ्या घराण्यात रेड इंडियन रक्त दिसतंय, आणि तेव्हापासून बाकीचे त्याला आपल्यात धरेनात. आपल्यात धरावं म्हणून माणसं जाळली. ही कबुली आपल्याला ऐकू येते ती कॉमस्टॉकच्या आवाजातल्या रेकॉर्डिंगमध्ये. कॉमस्टॉकची आठवण आणि बुकरचा भूतकाळ एकच कसा, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. आपण मात्र पेट्या-कपाटं उचकण्यात दंग.

आणखी एक खूण. हॉल ऑफ हिरोज या कॉमस्टॉकच्या संग्रहालयात बुकरचा लष्करातला जुना साथी कॅप्टन स्लेट ओरडून सांगत असतो की कॉमस्टॉक वूंडेड नीला नव्हताच, तो खोटारडा आहे, तिथे होता तो बुकर. स्लेट खोटं बोलत नाही. आणि गंमत म्हणजे तेवढ्यापुरता कॉमस्टॉकही खोटं बोलत नाही. दुतोंड्या मारुतीसारखा मामला आहे, मूर्ती एक आणि तोंडं दोन. इकडून बघणाऱ्याला तिकडचं दिसत नाही.

लढाईनंतर बुकर नदीवर बाप्तिस्मा घ्यायला जातो. एका विश्वात पाण्यात गेला तो झॅकरी कॉमस्टॉक होऊन वर आला. नवं नाव घेतलं आणि त्याच कत्तलीला पराक्रम म्हणून देखावे उभारले. दुसऱ्या विश्वात ऐनवेळी पळाला तो बुकर राहिला, दारू-जुगारात रुतला आणि कर्जापायी पोटची अ‍ॅना देऊन बसला, पलीकडच्या विश्वातल्या त्याच कॉमस्टॉकला; तीच पुढे एलिझाबेथ. एकाने पापाची आरती केली, दुसऱ्याने बाटली उघडली. निस्तरायला कोणीच थांबलं नाही. एलिझाबेथ शेवटी त्याला बुडवते ती शिक्षा आहे. त्याला कोणी बलिदान म्हणालं की माझं डोकं फिरतं.

उंटवाडीचा_राजा
तो मित्र मीच, नाव घ्यायला लाजू नको. एवढा निबंध पाडलास पण मुद्द्याला बगल दिलीस. बुकर बाप्तिस्म्याच्या वेळीच मेला तर अ‍ॅना जन्मायचीच नाही. अ‍ॅना नाही तर एलिझाबेथ नाही. मग त्याला बुडवलं कोणी, पुराच्या पाण्याने? आणि क्रेडिट संपल्यावर ८ ऑक्टोबर १८९३ ला ऑफिसात जागा होऊन अ‍ॅनाला हाक मारणारा कोण, बुकरचं भूत? याला फेकाफेकी नाही तर काय म्हणायचं?

तन्वी_इंदिरानगर
राजा, बुडवलंय ते वळण. जिथून कॉमस्टॉक फुटतो तेवढीच फांदी छाटली. पळून जाणारा बुकर वाचतो. ८ ऑक्टोबर १८९३ हा अ‍ॅना दिली गेली तोच दिवस, फक्त आता तिला न्यायला यायला कॉमस्टॉकच शिल्लक नाही. म्हणून तो दार उघडतो. पाळण्यात कोण आहे ते दिसायच्या आत पडदा काळा होतो, ती लबाडी वेगळी.

पण माझ्याच म्हणण्यात एक खोट आहे, ती तू काढायच्या आत मीच काढते. बुडायच्या आधी एक एलिझाबेथ म्हणते हा कॉमस्टॉक, दुसरी म्हणते हा बुकर, आणि तो स्वतः म्हणतो की मी दोन्ही. ते खरं धरलं तर पळणाराही बुडाला. गेम लिहिणाऱ्या केन लेव्हिनने दोन्ही दारं मुद्दाम उघडी ठेवली की त्याला ठरवता आलं नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

उंटवाडीचा_राजा
"ज्याने त्याने ठरवावं" म्हणजे उत्तर नाही. सरळ बोल ना ताई.

पंचवटीकर
बाप्तिस्म्याचा विषय निघालाय, म्हणजे आता कोणीतरी रामकुंडावर घसरणारच. त्याआधी मीच लिहितो.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्येपण. २०१५ च्या सिंहस्थातली शाही स्नानाची गर्दी गच्चीवरून बघितलीय. आमच्याकडे डुबकी मारून कोणी नवं नाव घेऊन वर येत नाही. उलट. अंग पुसून माणूस ओट्यावर येतो, गाव सांगतो, आडनाव सांगतो. आजोबा लांबट चोपडी काढतात, दोरीने बांधलेली, पानांच्या कडा बोटांनी काळ्या झालेल्या. दोन-चार पानं इकडे, दोन-चार तिकडे, आणि त्याच्या पणज्याची मोडीतली सही निघते. समोरचा माणूस सहीवरून बोट फिरवतो, फिरवतोच. मग खाली स्वतःचं नाव घालतो, पोरांची घालतो. म्हणजे पाण्यातून आलेला माणूस जुन्याच वहीत बसतो. कॉमस्टॉक इथे आला असता तर आजोबांनी पहिलाच प्रश्न टाकला असता, "मूळचे कुठले?" तिथेच त्याचं बिंग फुटलं असतं.

तेव्हा "डुबकीने पाप धुणं म्हणजे ढोंग" असा गेमचा अर्थ काढून आमच्या घाटावर आणून चिकटवू नका.

गोदाकाठचा_गेमर
काका, मी रामकुंडाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. चोपडीचा मुद्दा झकास. पण चोपडीत नाव लिहितात, कर्म लिहित नाहीत. बुकरने नाव कुठे बदललं? डेविटचा डेविटच राहिला आणि तरी पोरगी देऊन मोकळा झाला. वहीत बसूनही माणूस सुटतोच की.

पंचवटीकर
काका कोणाला म्हणतोस रे? तुझ्याच वयाचा असेन.

सातपूरकर
तुम्ही सगळे बाप-लेकीत अडकलात. मला शेवटापर्यंत जायचीच इच्छा राहिली नव्हती, कारण डेझी फिट्झरॉय.

कॉमस्टॉकच्या घरातली मोलकरीण. मालकिणीच्या खुनाचा आळ तिच्यावर घातला. तिने कामगार उभे केले. फिंक नावाच्या मालकाच्या कारखान्याबाहेर कामाचा लिलाव चालतो ते आठवतं? एकच काम, आणि "मी कमी वेळात करून देतो" म्हणत माणसं उतरती बोली लावतात. ते बघून मी खुर्चीत सरसावून बसलो होतो, म्हटलं कोणीतरी खरं दाखवतंय. आणि मग दोन विश्वांमधल्या एका फटीतून पलीकडच्या जगात गेलं की तीच डेझी फिंकला मारते, त्याचं रक्त तोंडाला फासते आणि लहान पोरावर बंदूक धरते. एलिझाबेथ तिला मागून कात्री खुपसते, आणि आपण "बरं झालं" म्हणायचं. बुकरचं तर आधीच ठरलेलं असतं की हिच्यात आणि कॉमस्टॉकमध्ये नावापुरताच फरक. वा रे वा!

माझे वडील इथल्याच एका कंपनीत लेथवर होते. टाळेबंदी झाली तेव्हा मी शाळेत. गेटवर मांडव, खाली सतरंजी, दुपारी कोणाच्या तरी घरून पिठलं-भाकरीचा डबा यायचा. येणारा-जाणारा शहाणा काय सांगायचा? "दोघांनीही फार ताणू नये." एकाची चूल बंद, दुसऱ्याने गेटला कुलूप घातलेलं, आणि दोघांनीही ताणू नये! असलेच शहाणे पुढे गेम लिहायला बसतात.

आणि तुमचा भला बुकर पोटासाठी करायचा काय? पिंकर्टनची नोकरी. भाड्याने जाऊन संप मोडायचे. इतकं लिहिलंत, हे एकानेही लिहिलं नाही.

उंटवाडीचा_राजा
आला लाल बावटा! भाऊ, माझे वडील त्याच वसाहतीत सुपरवायझर होते. मालक नव्हे, सुपरवायझर, पगार तुमच्यापेक्षा फार नव्हता. संपाच्या दिवसांत त्यांच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडली. एकदा रात्री खिडकीतून दगड आला तो थेट स्वयंपाकघरात. आई पोळ्या करत होती. पोरावर बंदूक धरणारी डेझी मला अजिबात खोटी वाटली नाही.

सातपूरकर
दगड मारणाऱ्याची बाजू मी घेतलेली नाही. पण एक सीट आणि शेकडो घरांचा बुडालेला पगार एका तराजूत घालायचा? गेमने तेच केलंय आणि तूही तेच करतोयस.

उंटवाडीचा_राजा
माझ्या आईला तराजूत घालू नकोस. सांगून ठेवतो.

पंचवटीकर
अरे, गेम कुठे चाललाय आणि तुम्ही कुठे...

सातपूरकर
गेम तिथेच चाललाय गुरुजी. तुमच्या ओट्यावरून दिसत नसेल.

तन्वी_इंदिरानगर
दोघांनी वडिलांना जरा बसू द्या. बरियल ॲट सी हा पुढचा जोडभाग आला, दोन खंडांत. त्यातला दुसरा, २०१४ चा, कोणी खेळलंय का? त्यात दिसतं की ल्युटेस जोडगोळीने, म्हणजे विश्वांमधल्या फटी उघडणाऱ्या रॉबर्ट आणि रोझालिंड या शास्त्रज्ञांनी, डेझीला आधीच गाठलं होतं. पोराला मारणार असं सोंग कर, म्हणजे एलिझाबेथ तुला मारेल, आणि त्यातून ती अजाण पोरगी राहणार नाही. डेझीला ते आवडत नाही, पण ती कबूल होते. म्हणजे सातपूरकर, ती पोरावर उठलेली नव्हतीच.

निफाडचा_पप्या
म्हणजे त्या बाईच्या मनात काय होतं हे कळायला वेगळे पैसे मोजायचे? मी डीव्हीडी नाशिकहून आणलेली, एसटीत मांडीवर धरून, सांभाळून. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळी लाईट जायची ती द्राक्षांना पाणी द्यायच्या वेळी यायची, म्हणजे मध्यरात्री. नेटचं तर नावच नको. पुढचे भाग कुठून उतरवणार? इतकी वर्षं मी डेझीला शिव्या देत बसलो आणि आता कळतंय की खुलासा वेगळ्या पाकिटात होता.

सातपूरकर
तन्वीताई, हा खुलासा म्हणजे आगीतून फुफाट्यात. आधी तिला राक्षसीण केलं. मग म्हणे ती मुळात चांगली, दुसऱ्याच्या मुलीला जाण यावी म्हणून मेली! हजारो कामगारांची पुढारी. तिचं बंड, तिचे लोक, तिची भूक, सगळं बाजूला, आणि मरायचं कारण काय तर नायिकेचं मोठं होणं. तिला स्वतःचा हेतूच ठेवला नाही. त्यापेक्षा ती क्रूर होती तेच बरं होतं, निदान तो तिचा निर्णय होता.

उंटवाडीचा_राजा
...हे पटलं. एकदाच म्हणतोय, स्क्रीनशॉट काढून ठेव. स्कूटरचं मात्र विसरलेलो नाही.

गोदाकाठचा_गेमर
आता हेतूवरच आलोत तर ल्युटेसचं बघा. सगळे त्यांना गूढ देवदूत समजतात. छापा-काटा करायला लावतात, दर वेळी छापाच पडतो, पाटीवर आधीच्या छाप्यांच्या रेघाच रेघा. म्हणजे याआधी किती बुकर आणून वाया घालवले त्याची नोंद ठेवतात, हळहळ दिसत नाही. पश्चात्ताप झालाय तो रॉबर्टला, कारण बाळाला पलीकडे नेणारा तोच. रोझालिंडला काही वाटलेलं नाही. रॉबर्ट म्हणाला, केलेलं निस्तरू, नाहीतर मी चाललो. तो सुटू नये म्हणून ती तयार झाली. एवढ्या विश्वांची उलथापालथ झाली ती दोघांतल्या अबोल्याच्या भीतीने.

आणि बुकरचा हेतू तर त्याचाही नाही. त्याला वाटतं कोणीतरी काम दिलंय, मुलगी आणून दे आणि कर्ज फेड. असं काम त्याला कधीच कोणी दिलं नव्हतं. ते वाक्य जुन्या सौद्यातलं, जेव्हा त्याने स्वतःचीच मुलगी दिली. पलीकडच्या जगात ओढल्यावर डोक्यात जी पोकळी झाली ती त्याने हाताशी असलेल्या आठवणींनी भरली, आणि पापाचीच मोहीम करून टाकली. हातावर ए.डी. कोरलंय, म्हणजे अ‍ॅना डेविट, आणि पठ्ठ्याला गेम संपेपर्यंत आठवत नाही. राजा, याला तू भला माणूस म्हणतोस!

उंटवाडीचा_राजा
बरं साहेब, बुकर नालायक. स्टँपपेपरवर लिहून देतो, नोटरीचा खर्च तुझा. पण "फेकाफेकी" मागे घेत नाही. बरियल ॲट सीच्या पहिल्या खंडात एक कॉमस्टॉक रॅप्चर या समुद्राखालच्या शहरात १९५८ साली धडधडीत जिवंत सापडतो, तोही बुकर नावाने. सगळे नदीत संपले म्हणता ना? मग हा कुठल्या नदीतून वर आला?

तन्वी_इंदिरानगर
त्याच्या जगात बाळ ओढताना फट मिटली तेव्हा मूळ गेमसारखी बाळाची करंगळी नाही तुटली, बाळाचं डोकं तुटलं. ते सहन होईना म्हणून ल्युटेसच्या मदतीने तो रॅप्चरला पळाला आणि सगळं विसरून बसला.

उंटवाडीचा_राजा
पळाला का ते विचारलं नाही, वाचला कसा ते विचारलं.

तन्वी_इंदिरानगर
मी ऑफिसात आहे. रात्री लिहिते.

निफाडचा_पप्या
थांबा थांबा. हा पहिला खंडसुद्धा वेगळ्या पैशांचाच का?