तेरावरून चौदावर? राहू द्या

जुना आयफोन १३ देऊन, वर पैसे घालून १४ घ्यावा का, असं विचारलंय तुम्ही. माझं विचाराल तर अजिबात नको. १३ आला २०२१ मध्ये, १४ आला २०२२ मध्ये, पण चिप दोन्हीत ए१५ बायोनिकच. ग्राफिक्सचा एक कोअर वाढवलाय, रॅम ४ ची ६ जीबी झालीय. स्क्रीन तीच ६.१ इंची, ६० हर्ट्झची. टाइप-सी चार्जिंग पोर्ट हवं असेल तर ते थेट १५ पासून.

दुपारी चारलाच चार्जिंग संपतं ही तुमची खरी तक्रार, म्हणजे दुखणं बॅटरीचं आहे. कंपनीच सांगते, ० ते ३५ अंशांत वापरा. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार, आणि आपण फोन बाईकच्या होल्डरला लावून भर उन्हात मॅप बघत हिंडतो! माझा १३ तसाच तापून बंद पडायचा. बॅटरी हेल्थ, म्हणजे नवी असतानाच्या मानाने उरलेली क्षमता, ७८ टक्के. आधी नवी पेठेतल्या एका दुकानात स्वस्तात बॅटरी टाकली, ती चार महिन्यांत फुगली, स्क्रीनची कडा उचलली गेली. मग गुमान अधिकृत सेंटरला जाऊन ओरिजिनल बसवली. आता रात्री जेवण होईस्तोवर तीस टक्के शिल्लक असते.

सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बघून आकडा सांगा. ८० च्या खाली असेल तर आधी बॅटरीच बदला.