मदत हवी आहे : खुर्चीची चामड्याची बैठक झोळ धरतेय

मंडळी, कोल्हापूरच्या उद्यमनगरातून पाइप वाकवून, वेल्डिंग करून एक खुर्ची केलीय. बैठक कोल्हापुरी चपलेच्या चामड्याची, म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं म्हशीचं कातडं. इंचभर रुंद पट्ट्या नवारीसारख्या उभ्या-आडव्या विणल्यात, टोकं पाइपला वळसा घालून वादीनंच शिवलीत. रिबिट मुद्दाम टाळले, लोखंड दिसायला नको होतं.

उन्हाळ्यात पट्टीवर टिचकी मारली की हलगीसारखी वाजायची. पाऊस लागला आणि मधोमध चांगला चार बोटं झोळ. वडील विचारतात, "खुर्ची केलीस का पाळणा?" वर खालच्या अंगाला पांढरी बुरशी.

वाकवलेली पोलादी नळी ही फर्निचर डिझायनर मार्सेल ब्रॉयरची १९२५ च्या सुमाराची युक्ती, ती जमली. डच डिझायनर मार्सेल वॉन्डर्सनं १९९६ मध्ये दोरीच्या गाठी मारून खुर्ची विणली, इपॉक्सीत, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या रेझिनमध्ये, भिजवली आणि टांगून वाळवली. दोरीच कडक झाली, आत सांगाडाच नाही. पण चामड्याला इपॉक्सी लावलं तर त्याचा मऊपणाच जाईल. मग चामडं कशाला वापरायचं?

तर चप्पल कारागीर किंवा घोड्याचं खोगीर करणारं कुणी इथं असेल तर सांगा : विणण्याआधी पट्ट्या ओल्या करून वजन टांगून ताणून घ्याव्यात का? खाली नायलॉनची नवार दिली तर चालेल? आणि बुरशीवर तेल लावू की मेण? खोबरेल लावून बघितलं, पट्ट्या अजूनच ढिल्या पडल्या.