प्रतिसाद : अख्खं रक्त फ्रीझरमध्ये ठेवावं का?

चवथीच्या सुट्टीत गोव्यातल्या वाळपईहून बांबोळीला तपासणीसाठी रक्ताचे नमुने पोचायला दोन-तीन दिवस लागतील, तर रक्त सरळ गोठवून ठेवलं तर चालेल का, असं वर विचारलंय. तपासणी कसली, त्यावर सगळं अवलंबून आहे.

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी असेल तर विषयच संपला. गोठताना तांबड्या पेशी फुटतात. वितळल्यावर ट्यूबमध्ये उरतं ते लालभडक पारदर्शक पाणी. त्यात मोजायचं काय? सीबीसीचा नमुना न गोठवता फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, शक्यतो २४ तासांत तपासा आणि स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) त्याच दिवशी काढा. पोटॅशियमला मात्र तो साधा फ्रीजही चालत नाही. गार झालं की पोटॅशियम आत ओढणारा पेशींचा पंप मंदावतो, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट घाबरवणारा येतो. आधी सीरम (पेशी काढल्यावर उरणारं पिवळसर पाणी) वेगळं करा, मग हवं तर तेच गोठवा.

डीएनएसाठी अख्खं रक्त खुशाल गोठवा, जांभळ्या टोपणाच्या, ईडीटीए (रक्त साकळू न देणारं रसायन) असलेल्या ट्यूबमधलं. हिरव्या टोपणाचं नको, त्यातलं हेपारिन पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायच्या तपासणीत, खोडा घालतं. बरेच दिवस ठेवायचं तर उणे ८० बरं. क्रायोव्हायलमध्ये, म्हणजे गोठवायच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांमध्ये वाटून ठेवा, वर थोडी जागा सोडून, म्हणजे दरवेळी सगळंच वितळवावं लागत नाही.

घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज टाळाच, तो बर्फ घालवायला मधूनमधून स्वतःच गरम होतो. त्यात आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल, देव जाणे! आणि लेबल आधी चिकटवा. दव धरलेल्या ट्यूबवर ते टिकत नाही.