वेल्सला एक रात्र तरी राहाच

यॉर्क आणि कँटरबरीची कॅथीड्रलं (मोठी चर्चं) पाहून झाली, आता बाथहून एका दिवसात वेल्स (Wells, म्हणजे वेल्स देश नव्हे, इंग्लंडमधलं कॅथीड्रलचं गाव) उरकता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण उरकू नका. गाव एवढंसं आहे, रेल्वे नाही, बसनेच जावं लागतं.

कॅथीड्रलमध्ये शिरलात की समोरच उघडलेल्या कात्रीसारख्या प्रचंड दगडी कमानी दिसतात. मनोरा उंच केल्यावर त्याचा भार पायाला पेलेना, भेगा पडल्या, म्हणून १३३८ ते १३४८ दरम्यान हा टेकू दिला. टेकू इतका देखणा असू शकतो, हे मला तिथेच कळलं. १४व्या शतकातल्या घड्याळापाशी पावतासाचा ठोका पडेपर्यंत थांबा. वर लाकडी घोडेस्वार गोल फिरतात आणि प्रत्येक फेरीला तोच एक बिचारा आडवा होतो. मी चार वेळा थांबून पाहिलं.

पण माझा खरा जीव अडकला तो चॅप्टर हाऊसच्या, म्हणजे कॅथीड्रलच्या धर्मगुरूंच्या सभागृहाच्या जिन्यात. शतकानुशतकांच्या पावलांनी पायऱ्या मधोमध झिजून लाटांसारख्या झाल्यात. हात टेकवून बघा, दगड गुळगुळीत लागतो.

संध्याकाळी ईव्हनसाँगला, म्हणजे गाऊन होणाऱ्या सायंप्रार्थनेला बसा, मग दिवे लागल्यावर व्हिकर्स क्लोज या जुन्या गल्लीतून चक्कर मारा. त्या मध्ययुगीन घरांत आजही माणसं राहतात, तेव्हा आवाज जरा हळू.